आत्याचा हात चुकला नव्हता

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, पप्पांना नाही. मित्रांबरोबर बसून दोन पेग झाले की माणूस काय काय ओकून टाकतो — तिथेही हे माझ्या तोंडून निघालं नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही आणि उद्या गाझियाबादच्या आमच्या सोसायटीच्या गेटवर तुमची-माझी गाठ पडणार नाही. एवढंच कारण आहे. त्यात मोठेपणा शोधू नका.

आणि एक आधीच सांगून ठेवतो, मी चिडलेला माणूस आहे. गेली काही वर्षं चिडलेलाच असतो. नोएडाच्या ऑफिसात म्हणतात, यार, तू इतना गरम क्यों रहता है. बायको म्हणते बीपी तपासून घे. घेतलं, नॉर्मल आहे. कोणाकोणावर चिडतो सांगू? आमच्या जयंती कमिटीच्या अध्यक्षांवर. पप्पांवर. गर्दीत उभं राहून ‘इस उमर में ज़रूरत क्या थी’ म्हणणाऱ्या एका माणसावर, ज्याचं नावही मला माहीत नाही. आत्यावरसुद्धा. या सगळ्यांवर चिडून झालं की मग एकच जण उरतो, आणि त्याच्यापर्यंत येईस्तोवर मी दमलेला असतो. असा माझा राग. फार सोयीचा आहे.

विमलआत्या म्हणजे पप्पांची मोठी बहीण. वर्ध्याकडची आमची माणसं. घरातली सरकारी नोकरीत लागलेली पहिली तीच. दिल्लीला मंत्रालयात लागली, क्वार्टर मिळालं, मग धाकट्या भावाला बोलावून घेतलं. पप्पा तिच्या क्वार्टरमध्ये राहून शिकले, तिच्या स्वयंपाकघरात अभ्यास करून परीक्षा पास झाले. तिने लग्न केलं नाही. का, ते कुणी विचारलं नाही, निदान माझ्यासमोर तरी. रिटायर झाल्यावर ती आमच्याच सोसायटीत, आमच्या खालच्या मजल्यावर राहायला आली.

आणि ती मोटरसायकल चालवायची. स्कूटर नाही — मोटरसायकल. जड, काळी, एका सिलिंडरची, किक मारताना पाय निसटला तर नडगी सोलवटून काढणारी. तरुणपणी तिने ती एका निवृत्त फौजीकडून घेतली होती. पंजाबी ड्रेस, ओढणी कमरेला गच्च बांधलेली, मागे डब्याची पिशवी, अशी ती रोज ऑफिसला जायची. ऑफिसातले साहेब म्हणायचे, मॅडम, आप कोई हल्की चीज़ ले लीजिए. ती म्हणायची, आप ले लीजिए सर, आप पर जँचेगी. हा किस्सा आमच्या घरात इतक्या वेळा सांगून झालाय की साहेबांचा चेहरा मला माहीत असल्यासारखा वाटतो.

मी लहानपणी त्या गाडीच्या टाकीवर बसून शाळेत गेलोय. मोठा झाल्यावर पाना कसा धरायचा, प्लग कसा साफ करायचा, हे पप्पांकडून नाही शिकलो. पप्पांना सायकलमध्ये हवा भरता येत नाही. सगळं आत्याने शिकवलं. आणि तिने शिकवलेली एक गोष्ट तुम्हाला सांगायलाच हवी, कारण पुढचं सगळं तिथे अडकलंय.

जुन्या गाडीत मुठीपासून इंजिनापर्यंत रेसची केबल जाते. काळ्या नळीतून बारीक तार. मूठ पिळली की तार ओढली जाते आणि इंजिन जोरात पळतं. केबल जर आखूड पडली, किंवा कुठे चुकीची अडकली, तर हँडल पूर्ण वळवल्यावर ती आपोआप ताणली जाते — म्हणजे तुम्ही मूठ पिळलेली नसते, तरी इंजिन रेस घेतं. म्हणून केबलला हात लावला की गाडी स्टँडवर घ्यायची, इंजिन चालू ठेवायचं, मूठ सोडून द्यायची आणि हँडल आधी पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे वळवायचं. आवाज बदलता कामा नये. जगातला कुठलाही मेकॅनिक हे करतो. आत्याची करायची पद्धत मात्र तिची स्वतःची होती. डावीकडे वळवताना म्हणायची ‘जय’, उजवीकडे वळवताना ‘भीम’. आणि कान देऊन ऐकायची. ‘गाडीचा जय भीम घेतल्याशिवाय रस्त्यावर काढायची नाही,’ हा तिचा नियम. मी आठवी-नववीत असल्यापासून तो माझाही नियम.

माहीत नव्हतं म्हणून झालं, असं मला म्हणताच येत नाही, ते यामुळे.

पुढे आमच्याकडे पंधरा वर्षांपेक्षा जुनी पेट्रोल गाडी चालवायची नाही, असा नियम लागला. लोकांनी जुन्या गाड्या भंगारात दिल्या. आत्या कुठल्या कुठल्या ऑफिसांचे उंबरे झिजवून आली आणि गाडीची व्हिंटेज म्हणून नोंद करून घेतली. पण व्हिंटेज गाडी रोज चालवता येत नाही, रॅली किंवा प्रदर्शन असेल तरच. म्हणजे तिच्या हातात वर्षातला एकच दिवस राहिला — चौदा एप्रिल. आमच्या भागातल्या विहारापासून जयंतीची मोटरसायकल रॅली निघते, बाजारातून फिरून परत विहारात येते. सगळ्यात पुढे आत्या. निळा फेटा, पांढरा ड्रेस, मागे झेंडा. तिच्यामागे सगळी पोरं. बुलेटवाली, स्पोर्ट्स बाइकवाली, हॉर्न बडवणारी — पण तिच्या पुढे कुणी काढायचं नाही. ती जागा तिला कुणी दिली नव्हती. रॅली सुरू झाली तेव्हा मोटरसायकल असलेली ती एकटीच बाई होती आणि ती पुढे जाऊन उभी राहिली, बस.

वर्षभर ती त्या दिवसासाठी गाडी पुसायची. हे लक्षात ठेवा, कारण मी तिच्याकडून जे घेतलं ते हे घेतलं.

त्या वर्षी तिचा खांदा दुखत होता. म्हणून मी म्हटलं, हँडल बदलू, जरा उंच टाकू, वाकायला नको. असं मी तिला सांगितलं. तुम्हाला खरं सांगू? मला ते उंच, रुंद, चकचकीत हँडल एका व्हिडिओत दिसलं होतं आणि फार आवडलं होतं. रॅलीनंतर गाडीवर बसून माझे फोटो काढायचे होते. खांदा हे निमित्त. ती म्हणाली, ‘आहे ते बरं आहे रे, इतकी वर्षं तेच धरलंय.’ मी मागे लागलो. रोज काहीतरी बोलायचो, तुला कळत नाही, आजकाल सगळे टाकतात. शेवटी ती म्हणाली, ‘कर बाबा काय करायचं ते. तुझ्या हातात दिली.’

हँडल उंच केलं की जुन्या केबल्स पुरत नाहीत. क्लचची, पुढच्या ब्रेकची, रेसची, तिन्ही लांब लागतात. मी करोल बागेत गेलो. क्लच आणि ब्रेकच्या लांब केबल्स तयार मिळाल्या. रेसची त्या जुन्या कार्बोरेटरला बसणारी मिळाली नाही. दुकानदार म्हणाला, बनवा देंगे, शुक्रवार को ले जाना. रॅली रविवारी. म्हणजे वेळ होता. शुक्रवारी ऑफिस होतं, ठीक आहे. शनिवारी?

शनिवारी मी गेलो नाही. मॅच होती. बाहेर ऊन मी म्हणत होतं, घरात एसी चालू होता, आणि मेट्रो बदलत करोल बागेपर्यंत जायचा मला कंटाळा आला. काही आजारपण नाही, अडचण नाही, घरात कुणाचं काही अडलेलं नाही. कंटाळा. एका बाईचा वर्षातला एक दिवस आणि दुसऱ्या एका बाईचा पाय — हे माझ्या कंटाळ्यापायी गेलं. या शब्दाची मला आता इतकी चीड आहे की मुलगी ‘कंटाळा आला’ म्हणाली तरी मी तिच्यावर ओरडतो, आणि तिला कळत नाही का.

संध्याकाळी मी जुनीच रेसची केबल बसवली. नेहमीच्या वाटेने नेली तर पुरेना, म्हणून टाकीखालून सरळ ओढून घेतली. ताणून बसली. पण बसली. गाडी स्टँडवर घेतली, किक मारली, मूठ सोडली. उजवीकडे वळवलं. आवाज तसाच. डावीकडे वळवलं.

आवाज चढला.

थोडा नाही. चांगला चढला. मूठ माझ्या हातात नव्हती, हँडल डाव्या टोकाला होतं आणि इंजिन पळत होतं. मी स्क्रू फिरवून केबल जितकी ढिली होते तितकी केली. परत वळवलं. आवाज आता कमी चढला. पण चढला. आणि मी काय केलं? मी हँडल सरळ केलं, इंजिन बंद केलं आणि मनात म्हटलं, इतकं डावीकडे कोण वळवतं. मग हात धुवून घरी येऊन उरलेली मॅच पाहिली.

आता कळलं, मी का चिडतो?

रविवारी सकाळी आत्या फेटा बांधून खाली आली. नवं हँडल पाहून हसली. म्हणाली, ‘बैलाची शिंगं लावलीस की रे.’ गाडीवर बसून पाहिलं, खांद्याला बरं वाटतंय म्हणाली. मग विचारलं, रेसची केबल मिळाली का. मी म्हटलं, जुनीच पुरली. ‘जय भीम घेतलास?’ मी म्हटलं, घेतला. बरोबर आहे, घेतला होता. ती स्वतः परत घेणार होती, मला माहीत होतं, हात हँडलवर गेलाही होता. तेवढ्यात विहाराकडून ढोल सुरू झाले, पोरं हाका मारायला लागली, आणि ती म्हणाली, ‘तू घेतलास ना, मग झालं.’

या वाक्यावर मी नंतर किती चिडलोय तिच्यावर. का म्हणावं तिने असं? जन्मभर कुणावर विसंबली नाही, आणि नेमकी माझ्यावर?

सरळ रस्त्यावर काही झालं नाही. वेगात वळताना हँडल फार वळत नाही, गाडी कलते. बाजारातून फिरून रॅली परत आली. विहाराची गल्ली अरुंद आणि वळण एकदम डावीकडे, काटकोनात. गर्दी होती, गाड्या पायाने ढकलाव्या इतक्या हळू चालल्या होत्या. आत्याने क्लच अर्धा धरून हँडल पूर्ण डावीकडे घेतलं. मी तिच्या मागेच होतो, माझ्या गाडीवर. मी तो आवाज ऐकला. आदल्या दिवशी पार्किंगमध्ये ऐकला होता तोच. गाडी उसळून पुढे गेली आणि कोपऱ्यावरच्या पाणी-सरबताच्या टेबलावर आदळली. टेबलामागे आमच्या विहारातल्या बनसोडे काकू सरबताचे ग्लास भरत होत्या. टेबल, ग्लास, गाडी, सगळं त्यांच्या अंगावर.

काकूंचं मांडीचं हाड मोडलं. आत्याचं मनगट मुरगळलं. ती उठली आणि पहिलं वाक्य बोलली, ‘मी रेस दिली नाही. आपोआप चढली.’ दोनदा बोलली. कुणीतरी म्हणालं, हाँ आंटी, हाँ, आप बैठ जाइए पहले. आणि त्या माणसाने ते म्हटलं, इस उमर में ज़रूरत क्या थी. अध्यक्षांनी मान हलवली. पप्पा धावत आले आणि सगळ्यांसमोर बहिणीला म्हणाले, ‘किती वेळा सांगितलं तुला, आता पुरे कर.’ एकदाही सांगितलं नव्हतं त्यांनी. कधीच नाही. पण त्या क्षणी त्यांना खरंच वाटलं की आपण सांगत आलोय.

मला तेव्हा बोलता आलं असतं. तिथे, गल्लीत, दोन शब्द — केबल आखूड होती. लोकांनी मला शिव्या घातल्या असत्या, पप्पांनी कानाखाली मारली असती कदाचित, आणि संध्याकाळपर्यंत सगळं माझ्या नावावर झालं असतं. व्हायलाच हवं होतं. मी काकूंना उचलायला धावलो. सगळ्यात पुढे मी. अॅम्ब्युलन्समध्येही मीच बसलो. लोक म्हणाले, लड़का बहुत अच्छा है.

इथपर्यंत भित्रेपणा म्हणता येईल. माणूस घाबरतो, गप्प बसतो. तुम्हीही कदाचित म्हणत असाल, होतं असं. थांबा. पुढचं ऐका.

दुसऱ्या दिवशी आत्या हॉस्पिटलमध्ये काकूंच्या उशाशी बसली होती. मी ऑफिसला सुट्टी टाकून करोल बागेत गेलो. दुकानात माझी केबल खिळ्याला लटकत होती. दुकानदार म्हणाला, शुक्रवार से टँगी है भाई साहब, आप आए ही नहीं. मी ती घेतली, घरी आलो, भर दुपारी पार्किंगमध्ये जुनी काढून नवी बसवली. नेहमीच्या वाटेने, व्यवस्थित, जिथे सैल हवी तिथे सैल. नीट काम करायला तासही लागला नाही. पण नवी केबल चकाकत होती, आणि मी तर आत्याला जुनीच पुरली म्हणून सांगितलेलं. म्हणून मी काळं झालेलं ऑइल घेतलं, पार्किंगमधली धूळ घेतली आणि त्या केबलला हाताने फासली. वरपासून खालपर्यंत. मग लांब उभा राहून पाहिलं की जुनी दिसते का. हे हात माझेच. घाबरलेला माणूस इतकं बारीक काम करतो का हो?

जुनी केबल मी लॅपटॉपच्या बॅगेत घालून नोएडाला नेली आणि ऑफिसच्या कचऱ्यात टाकली.

काही दिवसांनी आत्या खाली पार्किंगमध्ये आली. मनगटाला पट्टी होती. मला वाटतच होतं ती येणार. म्हणाली, ‘मला एकदा ऐकू दे.’ मी गाडी स्टँडवर घेतली, किक मारली. तिने चांगल्या हाताने हँडल डावीकडे नेलं. ‘जय.’ आवाज तसाच. उजवीकडे. ‘भीम.’ तसाच. परत डावीकडे, अगदी टोकाला दाबून धरलं, आणि टाकीवर वाकून कान लावला. इंजिन एका लयीत चाललं होतं. इतकं सुरेख ते कधी चाललं नव्हतं. मी म्हटलं, ‘बघ, काही नाही.’ असं म्हटलं मी. कुणी विचारलं नव्हतं, गप्प राहिलो असतो तरी चाललं असतं. पण मी ते म्हटलं, आणि वर म्हटलं, ‘होतं गं असं, घाई-गडबडीत.’

तिने इंजिन बंद केलं. मूठ एकदा पिळून सोडली. मग म्हणाली, ‘म्हणजे माझाच हात.’

मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. चावी मागितली आणि तिने दिली.

पुढच्या रविवारी विहारात वंदना झाल्यावर ती उभी राहिली. सगळ्यांसमोर हात जोडले. म्हणाली, माझ्या हातून चूक झाली, माझ्यामुळे बनसोडेबाईंना त्रास झाला, मी सगळ्यांची माफी मागते. तिची मान खाली गेलेली मी त्याआधी कधी पाहिली नव्हती. मी तिसऱ्या ओळीत बसलो होतो, सतरंजीचे धागे उपसत. काकू तर बिचाऱ्या हॉस्पिटलातून निरोप पाठवत होत्या, की बाई मनाला लावून घेऊ नका. आत्या त्यांच्याकडे महिनोन् महिने डबा घेऊन जात राहिली. काकू आता काठी घेऊन चालतात. मला पाहिलं की आशीर्वाद देतात, मी त्या दिवशी त्यांना उचललं होतं म्हणून. मी पाया पडतो. सांगा, काय करू, नको म्हणू?

पुढच्या वर्षी मीटिंग झाली. अध्यक्ष म्हणाले, अब जवान खून को आगे आने दो, भतीजा चलाएगा बुआ की गाड़ी. टाळ्या वाजल्या. आत्यानेही वाजवल्या. मी नको म्हणायला हवं होतं, एवढं तरी. मी म्हटलं, आत्याची परवानगी असेल तर. बघितलंत? परवानगीसुद्धा तिच्याच गळ्यात मारली. चौदा एप्रिलला तिने मला स्वतःच्या हाताने फेटा बांधला. कपाळावर घट्ट, मागे शेपूट मोजून सोडलेली, एक घडी इकडे नाही की तिकडे. मी पुढे निघालो. त्या वळणावर हँडल पूर्ण डावीकडे घेतलं, गाडी पाण्यासारखी वळली. लोक म्हणाले, देखा, क्या कंट्रोल है.

तेव्हापासून दर वर्षी मीच पुढे असतो. यंदाही होतो.

आता सांगतो, चीड कसली आहे. लोकांनी तिला म्हातारी ठरवलं याची चीड तर आहेच. बाई होती म्हणून लगेच पटलं सगळ्यांना. हेच एखाद्या काकांच्या हातून झालं असतं तर दहा जणांनी आधी गाडी तपासली असती. हे मी आजही भांडून सांगतो, कमिटीच्या मीटिंगमध्ये सांगतो, बायका पुढे यायला पाहिजेत म्हणून तावातावाने बोलतो. आत्या कौतुकाने ऐकते. आणि मला माझंच थोबाड फोडावंसं वाटतं, कारण मी बोलतोय ते सगळं खरं आहे आणि त्यातलं एक वाक्य मी गिळलेलं आहे.

मला वाटलं होतं, प्रश्न फक्त गाडीचा आहे. वर्षातला एक दिवस. लोक विसरतील, तीही विसरेल. पण ती त्या गाडीपाशी थांबली नाही. तिने माझं ते ‘बघ, काही नाही’ मनावर घेतलं, आणि पक्कं घेतलं. आधी तिने गॅसवरून मोठं पातेलं उतरवणं सोडलं. मला हाक मारायची, ‘ये रे, एवढं उतरवून दे.’ मग चहा ओतणं सोडलं, पाहुणे आले की कप अर्धेच भरायची. आमच्या पप्पांनी तिला डॉक्टरकडे नेलं. हाताला काही नाही म्हणाले. नसांना काही नाही, ताकद वयाच्या मानाने उत्तम. आत्या म्हणाली, डॉक्टरांना काय कळतंय, मला माहीत आहे माझा हात. तिला काय माहीत होतं? मी सांगितलेलं तेवढंच.

मग आमची मुलगी झाली. हॉस्पिटलमधून घरी आणलं तेव्हा आत्या वर आली होती, नवा ड्रेस घालून. या घरातलं प्रत्येक मूल तिने अंगाखांद्यावर वाढवलं, मला तर टाकीवर बसवून सगळी दिल्ली दाखवली. बायकोने बाळ पुढे केलं. आत्या मागे सरकली. दोन्ही हात ओढणीखाली घेतले आणि म्हणाली, ‘नको गं. मी लांबूनच बघते. माझ्या हाताचा भरवसा नाही.’ बायको म्हणाली, असं काय म्हणता आत्या. मी खिडकी उघडायला गेलो. उघडीच होती ती.

तेव्हा सांगायचं होतं. त्यानंतरही कितीतरी वेळा. ती जिवंत आहे, खालच्या मजल्यावर आहे, अठरा पायऱ्या उतरलं की तिचं दार. कुणी अडवलेलं नाही मला. काकू काही पोलिसात जाणार नाहीत, नोकरी जाणार नाही, बायको सोडून जाणार नाही. फक्त आत्या माझ्याकडे बघेल. तेवढंच होईल. आणि तेवढ्यासाठी मी तिला तिचा हात परत दिलेला नाही.

मागच्या आठवड्यात मी मुलीला घेऊन खाली गेलो होतो. आता ती चालते, पळते, वाटेल तिथे चढते. आत्या सोफ्यावर बसली होती. मुलगी सरळ जाऊन तिच्या मांडीवर चढली, उभीच राहिली आणि तिच्या गळ्यात पडली. आत्याने दोन्ही हात वर उचलले — लांब, हवेत, पोरीला कुठे लागू नयेत असे — आणि मला म्हणाली, ‘घे रे हिला लवकर, माझ्याकडून पडेल.’

मी समोर उभा राहून तिचे हात पाहिले. ते जरासुद्धा थरथरत नव्हते. मी मुलीला उचलून घेतलं आणि वर निघून आलो.